परत दिलेल्या भाड्याचा इतिहास : आयडा टार्बेल आणि स्टँडर्ड ऑइल

नोव्हेंबर १९०२ ते ऑक्टोबर १९०४ या काळात न्यूयॉर्कच्या 'मॅक्लूअर्स मॅगझिन' या मासिकातून एकोणीस लेखांकांत प्रसिद्ध झालेली आणि १९०४ च्या अखेरीस दोन खंडांच्या रूपाने वाचकांपुढे आलेली आयडा मिनर्व्हा टार्बेल यांची 'द हिस्टरी ऑफ द स्टँडर्ड ऑइल कंपनी' ही कृती शोधपत्रकारितेचा पाया घालणाऱ्या मोजक्या ग्रंथांत गणली जाते. सत्ताधाऱ्यांनी किंवा धनवंतांनी दडवलेला, पण सर्वांच्या हिताशी निगडित असलेला व्यवहार स्वतंत्र तपास करून पुराव्यानिशी उघड करणे, हा शोधपत्रकारितेचा ढोबळ अर्थ या ग्रंथाला पूर्णपणे लागू पडतो. तरीही लेखिकेने आपल्या कृतीला 'आरोपपत्र' म्हटले नाही, 'रहस्यभेद' म्हटले नाही, तर 'इतिहास' म्हटले, याकडे अभ्यासकांनी दिले त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे होते. कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, कोणत्या तारखेला कोणी काय नाकारले आणि त्या नकाराच्या आधीच कोणत्या कागदावर कोणाची सही झाली होती, एवढ्याच क्रमातून भ्रष्टाचार सिद्ध करता येतो, ही या ग्रंथाची मूळ धारणा आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी तिच्यातूनच निघतात.

ज्या वस्तूचा हा इतिहास आहे ती मराठी घराला परकी नव्हे. मराठीतला 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातून निघणारे तेल, या इंग्रजी नावावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून, आणि पुढे तेव्हाच्या रशियातील बाकूहूनही, मुंबई बंदरात उतरलेल्या या तेलाने करडईच्या आणि एरंडेलाच्या दिव्यांची जागा हळूहळू घेतली. तेल संपल्यावर उरलेला पत्र्याचा डबा पाणी भरायला, धान्य साठवायला, तुळस लावायला कामी आला. त्या डब्यातले तेल विहिरीतून दिव्यापर्यंत येताना कोणाकोणाच्या हातातून गेले आणि प्रत्येक हाताने त्यातून किती काढून घेतले, हा प्रश्न मात्र खरेदी करणाऱ्याला पडण्याचे कारण नव्हते. टार्बेल यांनी तोच प्रश्न त्याच्या उगमापाशी जाऊन विचारला.

तो उगम म्हणजे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा वायव्य कोपरा. तिथल्या टायटसव्हिल या गावाजवळ २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक यांच्या विहिरीला सुमारे सत्तर फुटांवर तेल लागले आणि पाहता पाहता तो डोंगराळ, जंगलाचा मुलूख माणसांनी, मनोऱ्यांनी आणि चिखलाने भरून गेला. टार्बेल यांचा जन्म त्याआधी दोन वर्षे, ५ नोव्हेंबर १८५७ रोजी, त्याच राज्यातील ईरी परगण्यात झाला होता. सुतारकाम जाणणारे त्यांचे वडील फ्रँकलिन टार्बेल यांनी तेल साठवण्यासाठी लाकडी टाक्या बनवण्याचा धंदा सुरू केला आणि पुढे ते स्वतःही तेल काढू लागले. तेलमुलखाचे चढउतार या कुटुंबाच्या घरातच मूर्त झाले होते. पिटहोल हे तेलामुळे रातोरात वसलेले आणि तेल आटताच ओस पडलेले गाव. तिथे सुमारे ६०,००० डॉलर खर्चून बांधलेले एक हॉटेल फ्रँकलिन टार्बेल यांनी अवघ्या ६०० डॉलरला विकत घेतले आणि त्याच्या लाकडातून, दारांतून आणि खिडक्यांतून टायटसव्हिल येथे आपले घर उभारले. निसर्गाने दिले आणि निसर्गाने नेले तर ही माणसे हळहळत, पण पुन्हा कामाला लागत. १८७२ मध्ये मात्र त्यांच्यावर जे कोसळले ते निसर्गाचे नव्हते, आणि या ग्रंथाचे खरे बीज तिथेच आहे.

ते समजण्यासाठी 'रिबेट' ही संज्ञा नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण सबंध ग्रंथ त्या एका शब्दाभोवती फिरतो. रेल्वे मालवाहतुकीचे एक जाहीर भाडे ठरवते. ते सगळ्यांना सारखे असते, निदान तसे सांगितले जाते. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून ते भाडे पूर्ण घेऊन नंतर त्यातली काही रक्कम गुपचूप परत करणे म्हणजे रिबेट. जाहीर दरपत्रकात त्याचा मागमूस नसतो आणि लहान व्यापाऱ्याला आपला माल महाग का पडतो हे कळत नाही. रेल्वे ही खासगी कंपनी असली तरी तिला जमीन संपादण्याचा हक्क लोकप्रतिनिधींनी लोकांच्या सोयीसाठी दिलेला असतो, त्यामुळे सर्वांचा माल समान अटींवर वाहणे हे तिचे कर्तव्य ठरते. ही 'सार्वजनिक वाहक' म्हणून ओळखली जाणारी भूमिका अमेरिकी कायद्याने फार पूर्वीच मान्य केली होती. रिबेट या कर्तव्याचा भंग होता, पण तो सर्रास चाले आणि त्याच्याकडे कानाडोळा करण्याची सगळ्यांना सवय झाली होती.

१८७२ च्या आरंभी 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' या निरुपद्रवी नावाच्या संस्थेने तीन मोठ्या रेल्वे कंपन्यांशी जे गुप्त करार केले ते या सवयीच्या कितीतरी पुढे गेले होते. जॉन डी. रॉकफेलर यांनी जानेवारी १८७० मध्ये क्लीव्हलँड येथे दहा लाख डॉलर भांडवलावर स्थापलेली स्टँडर्ड ऑइल आणि तिच्यासारखे निवडक शुद्धीकरण कारखानदार या संस्थेचे सभासद होते. करारानुसार तेलमुलखातून क्लीव्हलँडपर्यंत एका पिंपाचे भाडे ८० सेंट ठरले आणि सभासदाला त्यातले ४० सेंट परत मिळणार होते. इथवर तो नेहमीचाच रिबेट होता. खरी करामत पुढच्या कलमात होती. सभासद नसलेल्या प्रतिस्पर्ध्याने त्याच वाटेने पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागे त्याने भरलेल्या ८० सेंटांतलेही ४० सेंट रेल्वेने याच संस्थेला द्यायचे होते. या प्रकाराला 'ड्रॉबॅक' म्हणत. म्हणजे शेजारचा कारखानदार जितका अधिक माल पाठवील तितकी त्याच्याच वैऱ्याची तिजोरी भरत जाणार, शिवाय त्याने कोणाला, कधी आणि किती माल पाठवला याचा तपशीलही रेल्वे त्या वैऱ्याला कळवणार. व्यापारात कठोरपणा असतोच. पण दुसऱ्याने भरलेल्या भाड्यावर हक्क सांगणे हा कठोरपणाचा प्रकार नव्हे, ती सरळ लूट आहे, असे टार्बेल यांचे मत होते आणि ते खोडून काढणे आजही कठीण आहे.

फेब्रुवारी १८७२ मध्ये वाढीव भाडे अनवधानाने वेळेआधी लागू झाले आणि ही गोष्ट फुटली. तेलमुलखात सभा भरल्या, मोर्चे निघाले, त्या संस्थेच्या सभासदांना कच्चे तेल विकायचे नाही असा निर्धार झाला आणि एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने तिची सनदच रद्द केली. लोक जिंकले असे दिसले. पण टार्बेल यांनी कालक्रम तपासला तेव्हा या विजयाची दुसरी बाजू उघडी पडली. करार जिवंत असतानाच्या त्या थोड्या आठवड्यांत स्टँडर्डने क्लीव्हलँडमधील २६ प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकी २२ आपल्या पोटात घेतले होते. आता विकून टाका किंवा रेल्वेच्या दरामुळे उद्या बुडा, एवढाच पर्याय त्या कारखानदारांपुढे होता. योजना मेली आणि तिचे फळ मात्र शिल्लक राहिले. तारखा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ही गोष्ट दिसत नाही, आणि इतिहास हे रूप निवडण्याचे पहिले कारण हेच आहे. फ्रँकलिन टार्बेल यांच्या घरात त्या वर्षी हसणे-गाणे थांबले, पुढे त्यांच्या भागीदाराने स्वतःला गोळी घालून घेतली आणि घर गहाण पडले. या गोष्टी लेखिकेने कित्येक वर्षांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितल्या; कंपनीच्या इतिहासात त्यांना जागा दिली नाही. हा संयम सोपा नव्हता.

या दुखऱ्या विषयाकडे टार्बेल वळल्या तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि मधल्या काळात त्यांची जी घडण झाली ती या ग्रंथाच्या पानापानावर जाणवते. मीडव्हिलच्या ॲलेगेनी कॉलेजात त्या १८७६ मध्ये दाखल झाल्या तेव्हा त्यांच्या वर्गात दुसरी मुलगी नव्हती. तिथे त्यांचे मन जीवशास्त्रात रमले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते तेवढेच मांडायचे, ही सवय त्यांना तिथे लागली असे मानायला हरकत नाही. दोन वर्षे शिक्षिकेची नोकरी आणि काही वर्षे 'द चॉटॉक्वन' या मासिकातले संपादनकार्य केल्यानंतर १८९१ मध्ये त्या पॅरिसला गेल्या, लेख पाठवून पोट भरत राहिल्या आणि फ्रेंच राज्यक्रांतीतील मादाम रोलाँ यांच्या चरित्रासाठी तिथल्या ग्रंथालयांतून मूळ कागदपत्रे वाचायला शिकल्या. तिथेच सॅम्युएल मॅक्लूअर हे उतावळे, कल्पक संपादक त्यांना येऊन भेटले आणि त्यांच्या नव्या मासिकासाठी टार्बेल यांनी नेपोलियनचे आणि पाठोपाठ अब्राहम लिंकन यांचे चरित्र लिहिले. लिंकन यांच्याविषयी सांगण्यासारखे सगळे सांगून झाले आहे अशी जाणकारांची समजूत असताना त्या केंटकी आणि इलिनॉयच्या लहान गावांत गेल्या, कचेऱ्यांतली दप्तरे उलगडली आणि अप्रकाशित पत्रे मिळवली. लिंकन यांच्या मुलाकडून तोवरच्या माहितीतले त्यांचे सर्वांत जुने छायाचित्रही आणले. जुन्या दप्तरांत अजून बरेच काही न वाचलेले पडून असते, हा धडा पुढच्या कामात मोलाचा ठरला.

मधल्या काळात स्टँडर्डने जे रूप धारण केले त्याची ओळख इथे करून द्यायला हवी. १८७० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेतील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के धंदा तिच्या हाती आला होता. पण ती ज्या राज्यात नोंदलेली होती त्या ओहायोच्या कायद्यानुसार तिथल्या कंपनीला दुसऱ्या राज्यातील कंपन्यांचे भागभांडवल उघडपणे बाळगता येत नव्हते. त्यावर १८८२ मध्ये तोड निघाली ती 'ट्रस्ट'ची. मराठीत ट्रस्ट म्हटले की देवस्थान किंवा शिक्षणसंस्था डोळ्यांपुढे येते, इथला अर्थ वेगळा आहे. निरनिराळ्या राज्यांतील कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या स्वाधीन केले आणि बदल्यात प्रमाणपत्रे घेतली. कागदावर प्रत्येक कंपनी स्वतंत्र राहिली आणि व्यवहारात सगळ्यांची दोरी न्यूयॉर्कमधील नऊ माणसांच्या हातात आली. हा दस्तऐवज बरीच वर्षे गुप्त होता. ओहायोचे ॲटर्नी जनरल डेव्हिड वॉटसन यांना तो सापडला तो कोणा फितुराकडून नव्हे, तर कोलंबस शहरातील एका पुस्तकाच्या दुकानात सहज चाळलेल्या ट्रस्टविषयक पुस्तकाच्या परिशिष्टात. त्यांनी १८९० मध्ये दावा लावला, तो मागे घ्यावा म्हणून त्यांच्यावर राजकीय दडपण आले, पण ते डगमगले नाहीत. १८९२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्डने ट्रस्टमधून बाहेर पडावे असा निकाल दिला. विसर्जनाची प्रक्रिया कंपनीने वर्षानुवर्षे लांबवली आणि १८९९ मध्ये सगळा पसारा न्यू जर्सीतील एका धारक कंपनीच्या, म्हणजे इतर कंपन्यांचे भाग बाळगण्यासाठीच असलेल्या कंपनीच्या, छत्राखाली नेला. तिथल्या कायद्याने अशा व्यवस्थेला मुभा दिली होती.

राजकारणाचा धागा याच कथेत गुंफलेला आहे. १८८४ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने हेन्री पेन यांना सिनेटवर निवडून दिले तेव्हा त्यांचे पुत्र ऑलिव्हर पेन हे स्टँडर्डचे खजिनदार होते. मतांसाठी पैसा वाटल्याचे आरोप झाले, ओहायोतून चौकशीची मागणी गेली आणि अमेरिकेच्या सिनेटने चौकशी करण्याचे नाकारले. टार्बेल यांनी या प्रकरणात लाच सिद्ध झाल्याचा दावा केला नाही. चौकशी टाळली गेली, ही सिद्ध असलेली गोष्ट त्यांनी नोंदवली आणि लोकांच्या मनात संशय का घर करून बसला ते दाखवले. पाणी कुठे मुरते आहे याचा अंदाज आणि त्याचा पुरावा यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही. पुढे १९०८ मध्ये वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी स्टँडर्डचे उच्चाधिकारी जॉन आर्चबोल्ड यांचा पत्रव्यवहार उघड केला तेव्हा ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांच्यासह काही लोकप्रतिनिधींना कंपनीकडून मिळालेल्या पैशांचे उल्लेख सगळ्यांपुढे आले आणि फोरेकर यांची कारकीर्द त्यात संपली. टार्बेल यांच्या हाती ती पत्रे आली असती तर ग्रंथाचा हा भाग अधिक धारदार झाला असता हे खरे. त्या हाती नसताना त्यांनी कल्पनेने धार आणली नाही, हे अधिक महत्त्वाचे.

त्यांच्या साधनांचा विचार केला तर एक आश्चर्य समोर येते. ग्रंथातील निर्णायक पुराव्याचा फार मोठा भाग आधीपासूनच छापलेला होता. १८७२ आणि १८७६ मधील अमेरिकी काँग्रेसच्या चौकशा, रेल्वेच्या गैरव्यवहारांविषयी न्यूयॉर्क विधिमंडळाच्या हेपबर्न समितीने १८७९ मध्ये घेतलेल्या साक्षी, राज्याराज्यांतील खटल्यांची कागदपत्रे, १८९८ नंतरच्या औद्योगिक आयोगाचे अहवाल अशी हजारो पाने सरकारी गोदामांत आणि वकिलांच्या कपाटांत धूळ खात होती. शपथेवर दिलेल्या साक्षी होत्या, पण १८७२ ची साक्ष १८७९ च्या साक्षीशेजारी ठेवून कोणी वाचली नव्हती. टार्बेल आणि त्यांचे क्लीव्हलँडमधील सहायक जॉन सिडल यांनी ते केले. काही कागद जिथे असायला हवे होते तिथे नव्हते. साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीविषयी छापलेल्या एका पुस्तिकेच्या प्रती बाजारातून नाहीशा झाल्या होत्या आणि कंपनीने त्या नष्ट केल्याची बोलवा होती. अखेर एक प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. मॅक्लूअर यांनी या कामासाठी जो वेळ आणि पैसा दिला त्याचाही इथे उल्लेख व्हायला हवा, कारण दहा सेंटांना विकल्या जाणाऱ्या मासिकाच्या मालकाने लेखिकेला पहिला लेखांक छापण्याआधी वर्षभर नुसते वाचू आणि हिंडू द्यावे, ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती. वडिलांनी मात्र मुलीला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. ही माणसे मासिक बुडवतील, अशी त्यांची भीती अनुभवातून आलेली होती.

हेन्री रॉजर्स यांच्याशी झालेल्या भेटींवर थोडे थांबायला हवे. रॉजर्स हे स्टँडर्डच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. मासिकात काय शिजते आहे याची चौकशी त्यांनी आपले मित्र मार्क ट्वेन यांच्यामार्फत केली आणि त्यातून जानेवारी १९०२ पासून सुमारे दोन वर्षे चाललेल्या भेटींना सुरुवात झाली. दोघांची मुळे एकाच मातीत होती. टार्बेल यांचे कुटुंब त्यांच्या लहानपणी तेलमुलखातील राउसव्हिल गावी राहत होते तेव्हा रॉजर्सही तिथल्याच टेकडीवर राहत होते आणि १८७२ मध्ये त्या गुप्त करारांविरुद्ध झगडणाऱ्यांत ते स्वतःही होते. टार्बेल यांनी प्रत्येक प्रकरण त्यांच्यापुढे ठेवायचे, त्यांनी आपली बाजू आणि कागदपत्रे द्यायची, पण काय छापायचे याचा निर्णय केवळ लेखिकेचा, अशी अट दोघांनी मान्य केली होती. आरोपीची बाजू छापण्यापूर्वी ऐकून घेणे हा आज पत्रकारितेचा पहिला दंडक मानला जातो. इथे ती औपचारिकता नव्हती. दोन वर्षे चाललेली ती उलटतपासणी होती आणि तिच्यामुळे ग्रंथातल्या कित्येक चुका छापण्याआधीच गळून पडल्या असणार.

या भेटींचा शेवट ज्या पुराव्याने झाला तो एका पोराच्या हातून आला होता. स्वतंत्र व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या मालाची माहिती रेल्वेच्या कचेऱ्यांतील कारकुनांकडून पद्धतशीर गोळा करायची, मग आपला विक्रेता त्या गिऱ्हाइकाकडे धाडून सौदा मोडायचा, अशी तक्रार तेलव्यापारी वर्षानुवर्षे करत होते आणि कंपनी ती नाकारत होती. स्टँडर्डच्या एका कारखान्यात दर महिन्याला जुने कागद जाळण्याचे काम असलेल्या मुलाला त्या कागदांवर चर्चच्या रविवारच्या शाळेतील आपल्या शिक्षकाचे नाव दिसले. ते शिक्षक स्वतंत्र तेल कारखानदार होते. मुलाने कागद त्यांना नेऊन दिले आणि पुढे ते टार्बेल यांच्याकडे पोहोचले. कोणत्या पेढीचा किती माल कोणत्या स्टेशनात उतरला याच्या त्या नोंदी होत्या. 'कटिंग टू किल' या १९०४ मधल्या प्रकरणात त्यांनी त्या नोंदींचा नमुना छापला, माहिती देणाऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून नावे बदलली, आणि रॉजर्स यांनी संतापून हे कुठून मिळाले असे विचारले तेव्हा ते सांगितले नाही. त्यानंतर या भेटी थांबल्या.

स्टँडर्डविरुद्ध लिहिणाऱ्या टार्बेल पहिल्या नव्हेत. हेन्री डेमारेस्ट लॉइड यांनी १८८१ मध्ये 'अटलांटिक मंथली'त या मक्तेदारीवर लेख लिहिला होता आणि १८९४ मध्ये 'वेल्थ अगेन्स्ट कॉमनवेल्थ' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मक्तेदारी म्हणजे एखाद्या वस्तूच्या बाजारावर एकाच विक्रेत्याची अशी पकड, की किंमत ठरवताना त्याला कोणाचेही भय उरत नाही. लॉइड यांचा ग्रंथ आवेशाने पेटलेला आहे आणि तो आवेश सच्चा आहे. पण त्यात कंपनीचे नाव फारसे येत नाही, रॉकफेलर यांचे येत नाही आणि वाचकाला सर्वत्र काळोखच दिसतो. टार्बेल यांनी नावे घेतली, तारखा दिल्या, कराराचे मसुदे आणि साक्षी परिशिष्टांत जशाच्या तशा छापल्या आणि अखेरीस 'स्टँडर्ड ऑइलचा न्याय्य मोठेपणा' अशा आशयाच्या शीर्षकाचे एक पूर्ण प्रकरण लिहिले. वाया जाणारा कण न् कण वापरणारी काटकसर, पिंपापासून जहाजापर्यंत सगळे स्वतः तयार करण्याची दूरदृष्टी, नेमकी माणसे हेरण्याची हातोटी, हे सगळे त्या प्रकरणात मनापासून गौरवलेले आहे. या गौरवामुळेच मूळ आरोप टोकदार होतो. ज्यांच्या अंगी एवढे कर्तृत्व होते त्यांना चोरवाटेची गरज नव्हती, आणि तरीही त्यांनी ती धरली, हे लेखिकेचे खरे दुःख आहे.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही, आणि प्रस्तावनेने ते झाकणे योग्य होणार नाही. क्लीव्हलँडमधील एका विधवेचा वंगणतेलाचा कारखाना कवडीमोलाने बळकावल्याची जी कथा टार्बेल यांनी सांगितली ती पुढील संशोधनात टिकली नाही. ॲलन नेव्हिन्स यांच्यापासून रॉन चेर्नो यांच्यापर्यंतच्या रॉकफेलर-चरित्रकारांना त्या बाईंना मिळालेली किंमत वाजवी वाटली. लेखिकेचे बंधू विल्यम टार्बेल हे प्युअर ऑइल या प्रतिस्पर्धी कंपनीत अधिकारी होते. हितसंबंधांचा असा गुंता आजच्या संकेतांनुसार वाचकांना स्पष्टपणे सांगायला हवा होता. प्रतिस्पर्ध्याला बुडवण्यासाठी तोट्यात माल विकण्याचा जो आरोप ग्रंथात आहे त्याला अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅगी यांनी १९५८ मध्ये खटल्यातील साक्षींच्याच आधारे आव्हान दिले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. सर्वांत खटकतो तो १९०५ मध्ये मासिकात आलेला रॉकफेलर यांच्यावरील व्यक्तिलेख. आजारामुळे केस गेलेल्या त्या वृद्धाच्या चेहऱ्यावरून त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा मोह टार्बेल यांना आवरला नाही. कागदपत्रांवर उभी असलेली लेखणी तिथे घसरली. एवढे सगळे वजा केल्यानंतरही रिबेट, ड्रॉबॅक आणि हेरगिरी यांचा पुरावा जागचा हलत नाही, कारण तो लेखिकेच्या शब्दावर कधी अवलंबून नव्हताच.

परिणामांविषयी बोलताना तोल सांभाळावा लागतो. 'मॅक्लूअर्स'च्या जानेवारी १९०३ च्या अंकात टार्बेल यांच्याबरोबर लिंकन स्टेफन्स यांचा मिनियापोलिस शहराच्या कारभारावरील आणि रे स्टॅनर्ड बेकर यांचा कोळसा खाणीतील संपावरील लेख होता, आणि भांडवल, राजकारण व मजूर संघटना असे सगळेच कायदा मोडत आहेत याकडे संपादकांनी लक्ष वेधले. कंपन्यांच्या कारभाराची तपासणी करणारे संघराज्याचे खाते त्याच वर्षी स्थापन झाले आणि त्याने १९०६ मध्ये तेलवाहतुकीतील गुप्त सवलतींवर अहवाल दिला. त्याच वर्षी हेपबर्न कायद्याने रेल्वेदरांवर अंकुश आणला आणि नोव्हेंबरात सरकारने १८९० च्या शर्मन कायद्याखाली, म्हणजे व्यापार रोखून धरणाऱ्या संगनमताला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याखाली, स्टँडर्डवर खटला भरला. १५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे विभाजन कायम केले आणि तिच्यातून ३४ कंपन्या निघाल्या. हे सगळे एका लेखमालेने घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे राजकारण, शेतकऱ्यांचे रेल्वेविरोधी आंदोलन आणि राज्याराज्यांतील वकिलांची चिकाटी यांचा त्यात वाटा होता. लेखमालेने जनतेला तो खटला आधीच समजावून दिला होता, हे मात्र निर्विवाद आहे. विभाजनानंतर तुकड्यांच्या भागांचे भाव चढले आणि रॉकफेलर आधीपेक्षा अधिक श्रीमंत झाले, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे.

रूझवेल्ट यांनीच एप्रिल १९०६ मध्ये अशा पत्रकारांना 'मकरेकर', म्हणजे दाताळ्याने घाण ओढणारे, हे नाव दिले. ती प्रतिमा जॉन बन्यन यांच्या ज्या रूपककथेतून घेतली होती ती मराठीत 'यात्रिकक्रमण' या नावाने एकोणिसाव्या शतकातच आली होती. तिच्यातला माणूस खालचा केरकचरा ओढण्यात इतका गढलेला असतो की वर धरलेला मुकुट त्याला दिसत नाही. टार्बेल यांना हे नाव लागले याचे वाईट वाटले, कारण त्या स्वतःला इतिहासकार मानत होत्या. त्याच वर्षी त्या सहकाऱ्यांसह 'मॅक्लूअर्स' सोडून 'अमेरिकन मॅगझिन'मध्ये गेल्या आणि आयातशुल्काच्या राजकारणावर तितक्याच चिकाटीने लिहू लागल्या. पुढचा प्रवास वाचकाला बुचकळ्यात टाकतो. स्वतः अविवाहित राहून पुरुषांच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या या लेखिकेने स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला, पोलाद उद्योगातील एल्बर्ट गॅरी यांचे प्रशंसापर चरित्र लिहिले आणि १९२६ मध्ये मुसोलिनीच्या इटलीविषयी अनुकूल मजकूर लिहिला. ६ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. या उत्तरायुष्याचा उपयोग करून आधीच्या ग्रंथाला कमी लेखणारे आहेत आणि ग्रंथाच्या तेजात उत्तरायुष्य विसरणारेही आहेत. दोघांनीही अर्धेच पाहिले.

स्टँडर्डच्या वारसांचा मराठी प्रदेशाशी संबंध तेलाच्या डब्यापाशी थांबला नाही. विभाजनातून निघालेल्या न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या वारसांनी मिळून चालवलेल्या स्टँडर्ड-व्हॅक्युम कंपनीने १९५४ मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. तो पुढे त्याच वारशातल्या एस्सो कंपनीकडे गेला, आणि १९७४ मध्ये एस्सोचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्यावर त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या भाड्याच्या भांडणाची एक लांब मुळी अशी मुंबईच्या खाडीपर्यंत आलेली आहे.

ग्रंथ वाचणाऱ्याने पहिल्या खंडातील साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीविषयीची प्रकरणे आणि परिशिष्टात छापलेले त्यांचे करार बरोबरीने उघडे ठेवावेत. लेखिकेचे वाक्य आणि कराराचे कलम यांत कुठे अंतर पडते का, हे वाचकाने स्वतः तपासावे अशीच ग्रंथाची रचना आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने विसाव्या शतकातील अमेरिकी पत्रकारितेच्या शंभर श्रेष्ठ कृतींची यादी केली तेव्हा या ग्रंथाला पाचवे स्थान मिळाले. ग्रंथासाठी जमवलेली टिपणे, पत्रे आणि कात्रणे आज टायटसव्हिलच्या ड्रेक वेल संग्रहालयात जपलेली आहेत, त्याच विहिरीशेजारी जिच्यापासून सुरू झालेल्या तेलधंद्यासाठी फ्रँकलिन टार्बेल यांनी लाकडी टाक्या बनवायला घेतल्या होत्या.